एक दाता मागे

आमच्या घरी सकाळचे वर्तमानपत्र संध्याकाळी साडेसातला वाचले जाते. तोवर त्यातल्या ताज्या बातम्या शिळ्या झालेल्या असतात. पण अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, त्याला हरकत नसते. "बातमी म्हणजे काय कोथिंबीर आहे सुकायला?" असे ते विचारतात. २०१७ साली त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यांनी दगा दिला. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता; हे दुखणे तसले नव्हते. कडेकडेचे थोडेफार दिसते, पण ज्याच्याकडे रोखून पाहावे नेमके तेच पुसल्यासारखे होते. समोरच्या माणसाचे खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. पानाचा समास दिसतो, मजकूर दिसत नाही. तेव्हापासून वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. सून मराठीची प्राध्यापिका असल्यावर हे काम दुसऱ्या कुणाकडे जाणार?

खरे सांगायचे तर या वाचनात मी थोडी लबाडी करते. दिवसभर वर्गात बोलून घसा बसलेला असतो, कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या बेतात असते. अशा वेळी अग्रलेखातला एखादा परिच्छेद मी सफाईने गाळते. अण्णा तेवढ्यापुरते गप्प राहतात. लेख संपला की शांतपणे म्हणतात, "सूनबाई, दुसरं कारण ऐकलं. पहिलं कुठं गेलं?" मग मुकाट्याने मागे जाऊन पहिले कारण वाचावे लागते. वीस वर्षे मी शिकवते आहे; पण गाळलेले वाक्य पकडणारा श्रोता मला वर्गात आजवर भेटलेला नाही.

अण्णांचे शिक्षण म्हणाल तर जुनी सातवी. पण एस.टी.च्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत त्यांनी छत्तीस वर्षे फिटर म्हणून काढली आणि १९९८ साली निवृत्त झाले. फंडाचे पैसे हातात आले तेव्हा लोकांनी त्यांना नाना सल्ले दिले. मुदतठेव करा, गावाकडे विहीर खणा, काशीयात्रा करा. अण्णांनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि मारुतीची व्हॅन घेतली. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या, आता एक स्वतःची बिघडवून बघतो, असे ते सासूबाईंना म्हणाले म्हणे.

ही व्हॅन तुम्हांला ठाऊक असेलच. १९८४ साली ती रस्त्यावर आली, पुढे तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ साली ती बनायची थांबली. सरकते दार, पावाच्या लादीसारखा आकार, आणि इंजिन पुढे नाही नि मागेही नाही, पुढच्या आसनांच्या खाली! उन्हाळ्यात चालकाला बसल्या जागी शेक मिळतो, तो वेगळा. या गाडीने शाळेची मुले वाहिली, रुग्ण वाहिले, केटररची पातेली वाहिली. हिंदी चित्रपटांतले गुंड नायिकेला पळवायला आले की तेही हिच्यातूनच यायचे. आमच्या व्हॅनने असले काही केले नाही. तिने लग्नाच्या वऱ्हाडापासून कोकणातल्या फणसांपर्यंत सारे निमूटपणे वाहून आणले, आणि गेली काही वर्षे ती जुन्या सांगवीतून मला रोज तळेगावच्या बाजूला कॉलेजात नेऊन सोडते. पंधरा वर्षांची नोंदणी २०१३ साली संपली. मग दर पाच वर्षांनी आर.टी.ओ.त न्यायची, तपासून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा आणि पुढची पाच वर्षे मागून घ्यायची, असे तीनदा झाले. वन्संचे यजमान दर वेळी म्हणतात, "अण्णा, आता सोडा हिला." अण्णा त्यांना काही बोलत नाहीत. जावयाला कोण बोलणार? ते चहा मागवतात.

गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर देहूरोडजवळ ही व्हॅन चालता चालता बंद पडली. ना आवाज, ना धूर, ना आचका. बोलता बोलता माणसाने मध्येच गप्प व्हावे तशी ती गप्प झाली. कडेला घेतली आणि किल्ली फिरवली. एरवी आमची गाडी सुरू होताना कण्हते, अडखळते, दम घेते. त्या दिवशी इंजिन नुसते भरारा फिरले. शिवणयंत्राचा पट्टा निसटल्यावर हातचाक फिरते ना, अगदी तसे. मी घरी फोन लावला.

"फोन खाली धर आणि सेल्फ मार," अण्णा म्हणाले. मी मारला.

"परत एकदा."

परत मारला. पलीकडे क्षणभर शांतता. मग अण्णा म्हणाले, "तिला दम लागत नाहीये. आत हवा कोंडतच नाही. टायमिंगचा पट्टा गेला. आता किल्लीला हात लावू नकोस."

घरच्या खाटेवर बसून चौदा-पंधरा किलोमीटरवरच्या इंजिनाची नाडी त्यांनी पाहिली. मी मात्र शेजारून जाणाऱ्या ट्रककडे बघत, टायमिंगचा पट्टा म्हणजे काय असावे याचा विचार करीत उभी होते. शेवटी एका टेम्पोवाल्या भल्या माणसाने दोर बांधून गाडी घरी आणून सोडली.

दुसऱ्या दिवशी मी दोन गॅरेजे फिरले. पहिल्याने "ताई, दसऱ्याला नवीन घ्या की!" असा सल्ला दिला. दुसरा म्हणाला, दिवाळी होऊ द्या, मग बघू. वन्संच्या यजमानांना बातमी लागली आणि त्यांचा फोन आला की ओळखीचा एक भंगारवाला आहे, दसऱ्यानंतर येऊन बघून जाईल, किलोवर भाव देतो. हे आमचे नागपूरला बदलीवर. त्यांनी तिकडून, "तुम्हांला योग्य वाटेल ते करा," असे सांगितले. हे वाक्य ते नागपूरला जाण्यापूर्वीही वापरत असत.

त्या संध्याकाळी मी वर्तमानपत्र उघडले तर अण्णा म्हणाले, "ते राहू दे. आपण करू."

"काय करू?"

"पट्टा. आपणच घालू. हात तुझे. कुठं काय करायचं ते मी सांगतो."

आता माझे हात कसे आहेत ते मला माहीत आहे. खडू आणि लाटणे यांपलीकडे त्यांनी फारसे काही धरलेले नाही. पण "नाही" म्हणायला मी तोंड उघडले तेव्हा अण्णांच्या मांडीवर पान्यांची पेटी होती. कोनाड्यातून ती त्यांनी केव्हाच काढून घेतली होती. दर वर्षी खंडेनवमीला त्या पेटीला हळदकुंकू वाहायचे, फूल ठेवायचे आणि ती परत कोनाड्यात सरकवायची, एवढाच तिचा आमच्याशी संबंध उरला होता. अण्णा एकेक पाना उचलून त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवत होते. "हा दहाचा. हा बाराचा. हा चौदाचा... याच्या तोंडाला गंज धरलाय." मी "बरं" म्हणाले.

नाना पेठेत सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. तिथे मी पट्टा, टेन्शनर आणि दोन ऑइल सील मागितली. दुकानदार म्हणाला, "मिस्त्रीला विचारून घ्या मॅडम, सील दोन का एक?" मी म्हणाले, "मिस्त्रीनेच सांगितलंय. वरचं एक, खालचं एक." हे वाक्य उच्चारताना मला जो आनंद झाला तो एम.ए.चा निकाल ऐकतानाही झाला नव्हता.

शनिवारी सकाळी कामाला लागलो. अंगणात पोते अंथरले. बॅटरीची तार सोडवली. चाकांना दगड लावले, जॅकने पुढची बाजू उचलली आणि जुन्या घराच्या वाशांचे ठोकळे खाली सरकवले. "जॅकवर विसंबून गाडीखाली जाणारा माणूस एकदाच जातो," असे अण्णांनी सांगितल्यामुळे ठोकळे मी तीनदा हलवून पाहिले. अण्णा लोखंडी खुर्ची टाकून दाराशी बसले. नववीतली आमची कन्या बॅटरीचा प्रकाशझोत धरायला. सोडवलेले नट-बोल्ट ठेवायला स्वयंपाकघरातले जुने ताट आणले होते. ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ते ताटात मांडायचे, म्हणजे उलट्या क्रमाने परत लावता येतात. पंगतीत मीठ-लिंबापासून वाढत जातात तसे ते ताट डावीकडून भरत गेले.

आसन उचलले, फॅन बेल्ट काढला, दहाच्या पान्याने झाकणाचे बोल्ट काढले, आणि आत तो पट्टा दिसला. रबराचा, आतल्या अंगाला दाते असलेला, एका जागी फाटून लोंबत असलेला. मी तो ओढून अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला आणि नाकाशी नेला.

"तेल प्यालाय. सील पाझरत होतं." मग काही वेळ ते तसेच बसले. "आणि म्हातारा झाला होता. माझी वही आण."

वही कोनाड्यातच होती. १९९८ पासूनची. तेल कधी बदलले, प्लग कधी बदलले, कोणता टायर कुठे पंक्चर झाला, सगळे किलोमीटरच्या आकड्यांसह, ठळक गोलसर अक्षरात. २०१७ च्या पावसाळ्यात अक्षर मोठे होत गेले, ओळी उतरणीला लागल्या, आणि पुढची पाने कोरी. टायमिंग पट्ट्याची शेवटची नोंद मी शोधून वाचली. २००९.

"पंधरा वर्षं," अण्णा म्हणाले. "माझ्या ध्यानात होतं. वही वाचून दाखव म्हणायचं राहून गेलं."

मी काहीच बोलले नाही. सात वर्षे मी या माणसाला संसदेतले वादविवाद वाचून दाखवत होते, परदेशांतल्या निवडणुका वाचून दाखवत होते, आणि त्यांच्या स्वतःच्या अक्षरातली वही हाताच्या अंतरावर होती. ती उघडावी हे मला सुचले नव्हते. आणि सूनबाईला आणखी एक काम कसे सांगावे, म्हणून त्यांनी सांगितले नव्हते.

हा पट्टा करतो काय, ते अण्णांनी मला खुर्चीवर बसून दोन्ही मुठी एकीवर एक धरून समजावले. खाली एक दांडा, तो क्रँक. पिस्टनच्या वर-खाली होण्याने तो फिरतो, आणि त्याच्यावर चाके फिरतात. वर दुसरा दांडा, तो कॅम. त्याचे काम दारे उघडायचे; एक दार पेट्रोल-हवा आत घ्यायचे, एक जळका धूर बाहेर सोडायचे. आमच्या इंजिनात तीन सिलिंडर, म्हणजे अशी सहा दारे. खालचा दोनदा फिरला की वरचा एकदाच फिरायला हवा, म्हणून वरच्या पुलीला खालच्यापेक्षा दुप्पट दाते. या दोघांना बांधून ठेवतो तो पट्टा. "आमच्या बसला असलं रबर नव्हतं," अण्णा म्हणाले. "दात्याला दाता, लोखंडाला लोखंड. पण ते आवाज करतं, वजनाला जड होतं. ह्यांनी हलकं करायला पट्टा घातला. वेळेवर बदलला तर वाईट नाही." बदलला नाही तर, हे त्यांनी पुढे म्हटले नाही.

खरी भीती पुढे होती. पट्टा तुटला की खालचा दांडा आणखी थोडा फिरतो आणि वरचा जागच्या जागी राहतो. त्या क्षणी एखादा व्हॉल्व्ह उघडा असेल आणि वर येणारे पिस्टन त्याच्यावर आदळले, तर तो वाकतो. काही इंजिनांत या दोघांमध्ये पुरेशी जागा ठेवलेली असते, काहींत नसते. व्हॉल्व्ह वाकला असला तर अंगणातले काम नव्हे. हेड उतरवायचे आणि मग भंगारवाल्याचा किलोचा भावच शहाणपणाचा. "ते पट्टा घातल्यावर कळेल," अण्णा म्हणाले. "तोवर हातानं हळू फिरव. अडलं की थांब. जोर करायचा नाही."

सीलांची हकीकत सांगत नाही. दुपार त्यात गेली. खालच्या पुलीचा मधला बोल्ट सुटेना, तेव्हा पान्याच्या दांड्यावर पाण्याचा जुना पाइप चढवून मी आणि शेजारच्या काकू दोघींनी त्यावर भार टाकला. बोल्ट सुटला आणि आम्ही दोघी पोत्यावर बसल्या जागी आडव्या झालो. काकू अजून ते सगळ्यांना सांगतात.

मग खुणा जुळवायच्या. वरच्या पुलीवर एक खूण असते, ती मागच्या खाचेसमोर आणायची. खालच्या पुलीवर एक असते, ती तेलपंपाच्या अंगावरच्या बाणासमोर आणायची. प्लग काढलेलेच होते. पिस्टन खरोखर वर आले आहे ना, हे कळायला अण्णांनी सासूबाईंची विणकामाची लांब सुई मागवली आणि ती पहिल्या भोकात अलगद सोडून बोटांत धरली. मी खालून पाना फिरवत होते. सुई वर वर येत गेली, थांबली, परत जराशी उतरली. "मागं घे... आणखी जरा... बस." त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत न पाहिलेले काहीतरी होते. सासूबाई जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. सुईला अजून निळ्या लोकरीचा एक धागा चिकटलेला होता.

नवा पट्टा मुडपायचा नाही, त्याला तेलाचा हात लावायचा नाही. म्हणून साबणाने हात धुऊन आले आणि पट्टा चढवला. "ज्या बाजूला टेन्शनर नाही ती बाजू ताठ ठेव. सैल पडू देऊ नकोस," अण्णांनी दोनदा बजावले. टेन्शनरच्या स्प्रिंगने पट्टा ताणून धरला. प्लगच्या तीनही भोकांवर अण्णांनी पाळीपाळीने स्वतःचा अंगठा ठेवला आणि मला खालून फिरवायला लावले. तीनही वेळा "फुस्" करून हवेने त्यांचा अंगठा उडवला. "वाचली," ते म्हणाले. कन्येने टाळ्या वाजवल्या.

"आता पुऱ्या दोन फेऱ्या हातानं फिरव आणि खुणा परत बघ."

मी दोन फेऱ्या फिरवल्या. खालची खूण बाणासमोर आली. वर पाहिले. वरची खूण खाचेपाशी पोचलेली नव्हती. एक दाता मागे होती.

संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. उजव्या हाताची तीन बोटे सोलली होती, पाठ धरली होती, सोमवारी द्यायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर तसाच होता. जुळवायचे म्हणजे टेन्शनर सोडवा, पट्टा उतरवा, सगळे पहिल्यापासून. एक दाता म्हणजे केवढा? करंगळीच्या नखाएवढा. त्यात काय एवढे बिघडणार?

"जुळली?" अण्णांनी विचारले.

"जुळली," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

प्रकाशझोत किंचित हलला. कन्येने माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही, आणि मी तिच्याकडे पाहिले नाही.

टेन्शनर आवळला, झाकण लावले, प्लग बसवले, बॅटरी जोडली. किल्ली फिरवली. गाडीने बराच वेळ घेतला, पण सुरू झाली. काकू धावत आल्या. मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन जरा थांबून, मनात नसल्यासारखे वर चढले. अंग थरथरत होते तिचे. अण्णा मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांना माझा चेहरा दिसत नाही, याचे त्या वेळी मला बरे वाटले.

"बंद कर," ते म्हणाले. बस्स, एवढेच. मग काठी घेऊन आत गेले.

साडेसातला मी वर्तमानपत्र घेऊन बसले. परतीच्या पावसाची बातमी होती आणि तिच्याखाली धरणांतला पाणीसाठा. हे आकडे अण्णांना फार आवडतात. मी वाचायला लागले. खडकवासला इतके, पानशेत इतके, वरसगाव इतके. तिथे माझा आवाज अडकला.

"अण्णा, वरची खूण जुळली नव्हती. मी जुळली म्हणाले."

ते काही वेळ बोलले नाहीत. स्वयंपाकघरात कन्येच्या हातातले भांडे वाजायचे थांबले.

"किती?"

"एक दाता."

"पुढं का मागं?"

"मागे. खालची आली तेव्हा वरची यायची होती."

"हं. म्हणजे ताठ बाजू सैल राहिली. फिरवताना खालच्यानं आधी ढील खाल्ली, मग वरचा हलला." त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्म्याचा त्यांना काही उपयोग नाही, पण पुसतात. "उद्या उजेडात उतरवू. नऊ वाजता."

मी मान हलवली, मग त्यांना दिसणार नाही हे आठवून "हो" म्हणाले. वर्तमानपत्राची घडी घालायला लागले.

"टेमघर राहिलं," अण्णा म्हणाले.

मी घडी उलगडून टेमघर वाचले.

रविवारी काम निम्म्या वेळात झाले. बोल्ट कोणते हे बोटांना माहीत झाले होते. पट्टा चढवताना ताठ बाजू मी एका हाताने धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने टेन्शनर सोडला. दोन फेऱ्या फिरवल्या. अण्णांनी मला विचारलेच नाही. त्यांनी नातीला हाक मारली. "बाळ, तू बघ आणि सांग. आईला विचारू नकोस."

लागायचे ते मला लागले. पण त्यात चुकीचे काही नव्हते, हेही कळत होते. कन्या गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून, बराच वेळ पाहत राहिली. इतका वेळ तिने गणिताचा पेपरही पाहिला नसेल.

"खालची जुळली. वरचीपण जुळली, आजोबा."

"आणखी दोन फेऱ्या."

"जुळली."

"आता आईला बघू दे."

मी पाहिले. वरची खूण खाचेच्या अगदी समोर होती. "जुळली," मी म्हणाले. आदल्या दिवशीचाच शब्द होता, पण तो उच्चारताना घशात काही अडकले नाही.

या वेळी व्हॅन अर्ध्या किल्लीत सुरू झाली. तिचा तो जुना, थोडा खोकल्यासारखा, गोल आवाज अंगणात भरला. अण्णांनी तळहात सरकत्या दाराच्या पत्र्यावर ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला. शाबासकी वगैरे काही नाही. "चहा टाक," म्हणाले. काकूंनी मात्र भजी आणून दिली.

खंडेनवमीला पान्यांची पेटी पाटावर ठेवली. त्या वर्षी पाने तेलकट होते, आणि चौदाच्या पान्याचा गंज मी घासून काढला होता. दसऱ्याला व्हॅनला झेंडूची माळ घातली. वन्सं आणि त्यांचे यजमान सोने द्यायला आले, तेव्हा त्यांना मीच जाऊन स्टेशनवरून आणले. येताना गाडीत ते भंगारवाल्याबद्दल काही बोलले नाहीत. आपट्याची पाने देऊन झाल्यावर अण्णांनी चहा मागवला.

मंडळी गेल्यावर अण्णा मला म्हणाले, "वही घे. लिही." त्यांनी तारीख सांगितली, मी किलोमीटरचा आकडा गाडीत जाऊन पाहून आले. "टायमिंग पट्टा नवा, टेन्शनर नवा, दोन्ही सील नवी."

लिहिले.

"दोनदा उघडला, असंही लिही."

मी क्षणभर पेन उचलून धरले. मग तेही लिहिले. २०१७ च्या उतरत्या ओळींखाली माझे वर्गातल्या फळ्यावरचे अक्षर फारच नीटनेटके दिसत होते.

"वाच."

मी सगळी नोंद वाचून दाखवली. "दोनदा उघडला" यासकट.

"आता ब्रेकचं तेल कधी बदललंय ते बघ," अण्णा म्हणाले. "नाही तर असं कर. पहिल्या पानापासूनच वाच."

त्या संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायचे राहिले. मी १९९८ पासून सुरुवात केली.